ईश्वरभाऊंच्या वाट्याचा चिखल

मोहाडीजवळच्या आमच्या गावात धानाच्या रोवणीची टोळी म्हणजे चंद्रभागाबाई. साठी उलटलीय, पण ती वाकली की अकरा बायांची रांग तिच्याच तालावर मागे सरकते. तोंड हातापेक्षाही चपळ. शेवटच्या दिवशी मालकाला चिखल माखायचा, मालकाने टोळीला मटण-भात कबूल करायचा, आणि मगच पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, शेवटची मूठ रोवायची, हा तिचा कायदा.

यंदा नागपूरहून मधुकरराव सर आणि त्यांची विद्यार्थिनी रीना असे दोघे मानववंशशास्त्रवाले ही रीत बघायला आले. सर बातम्या दिल्यासारखे बोलतात, पूर्णविरामसुद्धा ऐकू येतो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून ते मालक ईश्वरभाऊंना समजावत होते की हा एका दिवसाचा विद्रोह आहे. मजूर आज राग काढून घेतात. म्हणून वर्षभर व्यवस्था टिकते. रीना म्हणे, नाही सर, राग कुठला, अर्थ बघा ना, मालकालाही धानासारखंच रोवतात. दोघांचं असं जुंपलं, जणू एकाने दुसऱ्याच्या शेताचा धुराच कोरलाय.

ईश्वरभाऊंनी मात्र त्यातला एकच शब्द उचलला. विद्रोह. पांढरा सदरा सावरत ते मोटरसायकलवर जाऊन बसले. यंदा चिखल-बिखल काही नाही म्हणाले.

चंद्रभागाबाईच्या हातात शेवटची मूठ तशीच. शेजारच्या शेतात रोवणी मशीन करते. इथली रीत एकदा मोडली की पुढल्या साली टोळीला कोण विचारतो, हे तिला पक्कं ठाऊक. तिने विनवलं, चिडवलं. भाऊ ढिम्म.

मग ती सरांकडे वळली.

"सर, तुमी काहून कोरडे उभे हाव?"

सर म्हणाले, आम्ही निरीक्षक. रीना हळूच म्हणाली, सहभागी निरीक्षक, सर. तोवर सरांचे दोन्ही गाल माखून झाले होते.

"यंदा मालक हेच," चंद्रभागाबाईने टोळीला सांगितलं. "जेवन बी हेच देतीन."

ईश्वरभाऊ चपला काढून तरातरा बांधीतल्या चिखलात उतरले.

"माह्या वावरातला चिखल दुसऱ्याले? मी काय मेलो का, काकू?"

"मंग गाडीवर बसून काय करून राहिला होता, बापू?"

सदऱ्याचं वाटोळं झालं. एक कान राहिला म्हणून तक्रार भाऊंनीच केली, आणि मटण-भात न मागता कबूल केला.

रीनाने वही काढून विचारलं, काकू, खरं सांगा, यात राग असतो की नाही?

"राग असता तं त्याच्या घरचं मटन खाल्लं असतं का, पोरी? आन् नसता, तं सदरा पांढरा पाहून हात काहून शिवशिवले असते?"

रीनाने दोन्ही उत्तरं लिहून घेतली आणि वही सरांपुढे धरली. चंद्रभागाबाई वाकली आणि शेवटची मूठ चिखलात रोवली.