डॉक्टर येईपर्यंत

एम.ए.ची परीक्षा संपली आणि मी घरात अडकले. नेरूळची आमची दोन खोल्यांची जागा. मी सकाळी गॅलरीत उभी राहायचे, मग आत येऊन रेडिओ लावायचे, बंद करायचे, पुन्हा गॅलरीत. आई म्हणायची, "अगं, एका जागी बस की जरा. बघून माझंच डोकं फिरतंय."

वडील साताऱ्याकडून आलेले, एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर हिशेबनीस. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. "लग्न ठरेपर्यंत चार पोरांना इंग्लिश शिकव," ते म्हणाले. "तेवढाच वेळ जाईल."

पोरं आलीच नाहीत. आली समोरच्या बिल्डिंगमधली नर्स. माझ्याहून पुष्कळ मोठी, गाव चिपळूणकडचं, नोकरी वाशीच्या एका खासगी दवाखान्यात. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती आणि तिला मस्कतला जायचं होतं. तिकडच्या हॉस्पिटलची मेट्रन बेलापूरला इंटरव्ह्यू घ्यायला येणार होती, आणि तो सगळा इंग्लिशमध्ये.

ती आधी मला मॅडम म्हणायची. मी म्हटलं, "ताई, तुम्ही मला मॅडम नका म्हणू." दुसऱ्या दिवसापासून ती सरळ 'अगो'वर आली.

मी तिला सांगितलं, वॉर्डातली एखादी गोष्ट सांगा, कारण तेच विचारतील. तिने विचार न करता सांगितली. भर दुपारी मार्केटातून एका हमालाला आणलं. छातीत कळ आली होती. डॉक्टर दुसरीकडे ऑपरेशनला गेले होते. "डॉक्टर येईपर्यंत माणूस गेला," ती म्हणाली आणि तेच इंग्रजीत लिहिलं: ही डाइड अन्टिल द डॉक्टर केम.

मी समजावलं. "ताई, अन्टिल म्हटलं की ते काम तोपर्यंत चालू राहिलं. मरण असं चालू राहत नाही ना. डॉक्टर आले तेव्हा ते आधीच झालेलं होतं. म्हणून बाय द टाइम." आपल्याकडे एका 'पर्यंत'मध्ये दोन्ही मावतात, तिथेच आपला घोळ होतो, हेही सांगितलं.

तिने वाक्य बदललं. बाय द टाइम द डॉक्टर केम, ही हॅड डाइड. बघत राहिली आणि पेनने खोडलं.

"बरोबर होतं ते, ताई."

"बरोबर असेल. पण असं वाचलं तर वाटतं, मी तिथं नव्हतेच. तो आपला आपण मेला आणि मागून डॉक्टर आले."

ती उठली, गॅलरीत गेली, परत आली, बसली नाही.

"मग तेवढा वेळ तुम्ही काय करत होता?"

"दाबत होते गो. छाती दाबत होते. खांदे भरून आले, वॉर्डबॉय म्हणाला सिस्टर आता सोडा, पण नाही सोडलं. डॉक्टर येईपर्यंत."

"हां! इथे अन्टिल."

तिने तेही लिहिलं, खोडलेलं वाक्य पुन्हा खाली उतरवलं आणि दोन्ही लागोपाठ मोठ्याने म्हणाली. मी म्हटलं, "आता व्हेनचं एक करू. तो गेला तेव्हा तुम्ही..."

"ते नको," ती म्हणाली. "त्याच्या बायकोने तेच विचारलं मला. ते गेले तेव्हा काय बोलले का? मी काय सांगणार? कधी गेला ते हाताला कळलंच नाही."

त्या दिवशी आम्ही पुढचं काही केलं नाही.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलगी अजून शिकणार आहे?" मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "छे, हे सगळं लग्न होईपर्यंतच." मी पोह्यांच्या बशा उचलून आत गेले आणि आल्या पावली बाहेर आले, बाहेरून पुन्हा आत. आईने नजरेनेच दटावलं.

इंटरव्ह्यूला मी तिच्याबरोबर बेलापूरला गेले. ती व्हरांड्यात येरझारा घालत होती. तिला आत बोलावल्यावर त्याच जागेत मी घालायला लागले. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तोच पेशंट सांगितला," ती म्हणाली. "दोन्ही वाक्यं नीट म्हटली. तर मेट्रन विचारते, व्हेन डिड ही डाय?"

"मग?"

"आय डोन्ट नो म्हटलं. आय वॉज प्रेसिंग. तिने पेनच खाली ठेवलं. मग विचारलं, बायकोला कोणी सांगितलं? म्हटलं, मी." तिने घाम पुसला. "गेलं वाटतं हातचं."

गेलं नव्हतं. खालच्या वाण्याकडे फोन आला, तो तिने माझ्यासमोरच घेतला. रिसीव्हर ठेवला आणि त्याच्या गोणीवर बसून रडली. नवरा घेऊन जायला आला तरी उठेना.

त्या संध्याकाळी वडील घरी आले ते साताऱ्याचा होकार घेऊनच. आईने साखर काढली. मी म्हटलं, "मला बी.एड. करायचंय. त्यांना चालत असेल तर ते झाल्यावर लग्न. नसेल चालत तर राहू दे."

"झाल्यावर?" वडील म्हणाले. "थांबणार आहेत का ते?"

"नसतील थांबणार."

ते जेवले नाहीत. आई रागाने भांडी आपटत राहिली. पाहुण्यांनी पुढे दुसरीकडे जमवलं, आणि वडिलांनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. बी.एड.ला नंबर लागला, तेही मी आईकरवीच त्यांना कळवलं. पहिल्या दिवशी मी चपला घालत होते. ते मार्केटला निघाले होते. दारात थांबून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "डबा घेतलास का?"