पोटदुखीवरच्या आठ ओळी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला माझी भाची बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमधून उठून बाहेर आली. प्रयोगशाळेच्या दारात तिला उलटी झाली आणि ती तिथेच जमिनीवर बसली. अकराला कॉलेजच्या शिपाईबाईंनी तिला रिक्षात घालून घरी पाठवलं. पाळीचा पहिला दिवस होता. असे पहिले दिवस दोन वर्षं चालले होते.

मी ठाण्यात कोपरीला राहते आणि एका दैनिकात काम करते. ताई, म्हणजे भाचीची आई, डोंबिवलीत कोपरला. तिने फोनवर आधी प्रॅक्टिकल बुडाल्याचं सांगितलं, पोटाचं नंतर. राहिलेल्या मुलांची परीक्षा पुन्हा एकदा होणार होती, साधारण चार आठवड्यांनी. भाचीने बोटांवर मोजून पाहिलं. पाळी नेमकी त्याच सुमाराला येत होती. तोही दिवस बुडाला तर केमिस्ट्री राहणार आणि वर्ष जाणार.

मी दुपारी पोचले तेव्हा ती बाहेरच्या खोलीत चटईवर पोटाशी पाय घेऊन पडली होती.

ताईच्या सासरी पाळीच्या चार दिवसांत स्वयंपाकघरात जायचं नाही. पाळीच्या दुखण्यावरचे सगळे उपाय मात्र स्वयंपाकघरात असतात. ओवा डब्यात, गूळ बरणीत, हिंग कपाटात, पाणी गॅसवर. जिचं पोट दुखतंय तिने बाहेरून मागायचं आणि जिचं दुखत नाही तिने सवडीने आणून द्यायचं. ताईच्या सासूबाई एक ते चार झोपतात आणि ताई नोकरीला जाते, त्यामुळे एरवी एक ते चार उपाय बंद. घरात शेकायची रबरी पिशवी एकच. ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी होती आणि विटाळाला द्यायची नव्हती. भाचीला कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी मिळे. बाटली उष्णतेने आक्रसून वाकडी झाली होती. ही व्यवस्था चालवणाऱ्यांना तिच्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ओवा-गूळ दिला का?"

"दिला. ओकली," ताई म्हणाली.

"मग मेथ्या भिजवून द्या. आणि एवढं काय घेऊन बसायचं? लग्न झालं की आपोआप जातं."

"काकू, तुमचं लग्नानंतर गेलं का?" मी विचारलं.

"माझं? मला कुठे दुखायचं! पहिल्या दिवशी दोन-दोन हंडे आणायचे मी खालून."

सासूबाईंनाही कधी दुखलं नव्हतं. ओव्याचं त्यांना जावेने सांगितलं होतं. काकूंच्या मेथ्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवरून आल्या होत्या. ताईचं लग्नाआधी थोडं दुखायचं, पण तिने यातलं काही घेतलं नव्हतं, नुसती पडून राहायची. उपाय सांगणाऱ्या तीन बायका, आणि एकीनेही तो स्वतःवर करून पाहिलेला नाही. तरी तिघींचा आवाज अनुभवी माणसाचा होता.

"गोळी दिलीस का?" मी ताईला विचारलं.

"गोळी नाही द्यायची. पुढे मूल व्हायला त्रास होतो."

"कोणी सांगितलं?"

"पेपरात आलंय. तुझ्याच पेपरात. मी कापून ठेवलंय."

तिने मला आत नेऊन मसाल्याच्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेलं कात्रण होतं, तेलाने पिवळं पडलेलं. आठ ओळी होत्या. हिंग, ओवा आणि सैंधव सात दिवस सकाळी अनशेपोटी घ्यावं, पाळीच्या वेदना मुळापासून थांबतात. वेदनाशामक गोळ्या कटाक्षाने टाळाव्यात, त्यांच्यामुळे पुढे मातृत्वात अडथळे येतात.

हा मजकूर माझा होता.

नऊ वर्षांपूर्वी ठाण्याच्या कार्यालयात शिकाऊ म्हणून लागले, त्याच्या दुसऱ्या महिन्यात तो लिहिला. पुरवणीच्या पानावर तळाशी आठ ओळींची जागा उरली होती. पुरवणी बघणारे गृहस्थ पाळीला 'ते' म्हणत. "अगं, बायकांचं काहीतरी टाक," ते म्हणाले, "ते दुखतं ना, त्यावर. तुला माहीतच असणार." हिंग-ओव्याचं मी कँटीनमधल्या बाईंना विचारलं. त्यांना ते त्यांच्या सासूने सांगितलं होतं. सात दिवस हा आकडा मी घातला. मजकूर दोन ओळी कमी पडला, म्हणून गोळ्यांचं वाक्य जोडलं. एकाही डॉक्टरला फोन केला नाही. मी 'त्रास होतो' लिहिलं होतं. ते ओळीत आखूड पडलं, तेव्हा त्या गृहस्थांनी 'अडथळे येतात' केलं. सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. खाली नाव नव्हतं.

"ताई, हे मी लिहिलंय."

"मग बरोबरच असेल की."

"खोटं आहे. जागा भरायला लिहिलं होतं."

सासूबाई झोपेतून उठून मागे येऊन उभ्या होत्या. "छापून आलेलं खोटं कसं असेल? तेव्हा लिहिलंस ते खोटं, मग आता बोलतेस ते खरं कशावरून?"

त्या दुपारी त्या घरात विचारला गेलेला हा एकमेव नीट प्रश्न होता.

भाची भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. "काय लिहिलंय? मला बघू दे."

"तिथेच थांब, आत येऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या.

मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे दोन वर्षं मला गोळी दिली नाही, ती यामुळे?"

"हो," मी म्हणाले.

ती परत जाऊन चटईवर आडवी झाली.

शुक्रवारी मी ताईला आणि भाचीला डोंबिवलीतल्याच एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. ताईने कात्रण पर्समधून नेलं होतं आणि तेच आधी टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी वाचलं.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कात्रण ताईकडे सरकवलं आणि त्यानंतर फक्त भाचीशी बोलल्या. किती दिवस, कधीपासून, उलटी दरवेळी होते का. सोनोग्राफीत काही निघालं नाही. पाळी सुरू होताच, पोटात अन्न असताना गोळी घ्यायची, त्यांनी लिहून दिलेली आणि तेवढीच. शेकलं तरी चालेल, त्याने बरं वाटतं. एवढं करूनही दुखलं तर पुन्हा या. अशा दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी पुढे मूल होण्यात अडचण येत नाही, हे त्यांनी ताईला दोनदा सांगितलं. ताईने दोन्ही वेळा "पण पेपरात..." म्हणून सुरुवात केली.

खुलासा छापावा म्हणून मी पुरवणीच्या त्या गृहस्थांकडे गेले. आता त्यांच्या हाताखाली सहा जण आहेत. "नऊ वर्षांपूर्वीचा खुलासा?" ते म्हणाले. "एवढं जुनं कोण लक्षात ठेवतं? आणि त्याने कोणाचं काय बिघडलं?" मी कोणाचं काय बिघडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग तिला आता गोळी द्या ना." खुलासा छापून आला नाही.

राहिलेल्यांचं प्रॅक्टिकल मार्चमध्ये एका सोमवारी होतं. भाचीला पहाटे पाळी आली. ताईने पोहे करून बाहेरच्या खोलीत आणून दिले. सासूबाईंनी ओव्याची पुडी पुढे केली, भाचीने ती घेतली नाही. पोहे खाऊन तिने आठ वाजता गोळी घेतली. साडेनऊला मी आणि ताई तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. दहाला ती प्रयोगशाळेत गेली. परीक्षा तीन तासांची होती.

ती एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर आली. सगळे प्रयोग पूर्ण झाले होते.