डिस्कवर घातलेलं नाव

गेमच्या डिस्कवर असलं काही मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. चकचकीत बाजूवर, गोलाला धरून, सुबक अक्षरं कोरलेली: कमलबाई भटू, दोंडाईचा.

धुळ्यात माझं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. समोर स्वतः कमलबाई उभ्या होत्या आणि खुर्चीत त्यांचे यजमान, नाना.

“अक्का, हे कोणी केलं?”

“भांडावर नाव टाकनारा वना व्हता, भाऊ. बठ्ठा भांडासवर नाव शे, म्हनीसन यानावरबी टाकं.”

घरातल्या सगळ्या भांड्यांवर नाव, म्हणून डिस्कवरही. गल्लीत डिस्क उसनी जायची, अदलाबदल होऊ नये म्हणून ही खबरदारी. मला हसू आवरेना.

मग अक्कांनी नानांचा उजवा हात उचलून काउंटरवर ठेवला आणि माझं हसू पार पळालं. नानांना लकवा मारलेला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू ते भिरकावून द्यायचे. मुलीच्या जुन्या कन्सोलवर मात्र बाटल्या पाडायचा खेळ तासभर खेळायचे. रिमोट धरून चेंडू टाकल्यासारखा हात फिरवायचा, म्हणजे व्यायामच. हात खांद्यापर्यंत यायला लागला होता. नाव कोरल्यावर डिस्क बंद पडली, त्याला आठ दिवस झाले आणि बोटं पुन्हा मुडपायला लागली.

“दुसरा गेम देऊ का?”

नानांनी मान जोरात हलवली. हाच पाहिजे.

मी गिऱ्हाइकांना कायम सांगणारा माणूस, डिस्का कशाला सांभाळता, डाउनलोड करा! मोठ्या तोऱ्यात शोधायला बसलो. तर त्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान कंपनीने कधीच बंद केलेलं. जळगावला, नाशिकला फोन लावले. दुसरी डिस्क कुणाकडेच नव्हती. तोरा उतरला.

उरलं बफिंग. डिस्कमधली माहिती प्लास्टिकच्या आत असते, लेझर आरपार बघून ती वाचतो. ओरखडा उथळ असेल तर वरचा थर घासून गुळगुळीत करता येतो. खोल असेल तर रामराम.

डिस्क भिंगाखाली धरली आणि काय सांगू! एकाही अक्षरात सुई वाजवीपेक्षा आत गेली नव्हती. सुरुवातीच्या ‘क’पासून शेवटच्या कान्यापर्यंत खोली एकसारखी, केसाएवढी. भांड्याला भोक पडू नये म्हणून जन्मभर सांभाळलेला हात तो! बावीस वर्षं मशीन चालवतोय, पण मला हे सात जन्मांत जमणार नाही. त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनापासून हात जोडले.

चार वेळा बफ केलं. दर वेळी थांबून, पुसून, गार होऊ देऊन. अक्षरं पुसट झाली, मग गेली. दुकानातल्या कन्सोलमध्ये डिस्क घातली. मेनू आला!

नानांच्या मनगटात रिमोटची दोरी अडकवली. हात कमरेपर्यंत आला, अडला. अक्कांनी पदर तोंडाशी धरला. हात पुन्हा हलला, सरकत सरकत खांद्याशी गेला आणि पडद्यावर दहाच्या दहा बाटल्या आडव्या.

“बठ्ठ्या पाड्यात!” नाना ओरडले. बोलताना जीभ अडखळते त्यांची, पण हे दोन शब्द खणखणीत आले.

अक्कांनी डोळे पुसले, डिस्क मागून घेतली, उलटसुलट केली.

“मन्हं नाव कोठे गयं?”

मार्करने वरच्या, छापील बाजूला लिहून दिलं, तेव्हाच त्या निघाल्या.

आता कुणी विचारलं, “डिस्क घेऊ की डाउनलोड?” की मी एवढंच विचारतो, “नाव घालावंसं वाटेल का?” वाटणार असेल तर डिस्क घ्या. आणि नाव वरच्या बाजूला, मार्करने.