केळीची गाठ, खाडीचं पाणी

वैशाख संपत आला की आमच्याकडे लोक आभाळाआधी केळीच्या पानांकडे बघतात. पान नुसतं फडफडलं तर तो रोजचा उन्हाचा वारा. पण पान उलटं होऊन त्याची पांढुरकी बाजू दिसायला लागली, की आई पदर खोचून बागेत शिरायची. सावद्याच्या रस्त्याला लागून आमची बाग. घड भरलेली केळ म्हणजे डोक्यावर भरला हंडा घेऊन उभी असलेली बाई. वावधन सुटलं, म्हणजे तो वळवाआधीचा उभा-आडवा वारा आला, की अशी केळ सगळ्यात आधी आडवी होते. म्हणून बांबूचा टेकू द्यायचा, आणि झाड ज्या अंगाला झुकलंय त्याच्या उलट अंगाला पट्टीनं ताणून बांधायचं. मी बांधत पुढं जायचो, आई मागून येऊन एकेक पट्टी बोटानं वाजवून बघायची. तारेसारखी वाजली तर ठीक.

नाहीतर म्हणायची, "आवळ ना रे! झाड बांधून राह्यला का झोका?"

नववीनंतर माझी शाळा सुटली. घरात कुणी रागावलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाटलं. थोरला भाऊ बाग बघत होता, दोघांपुरतं काम तिथं नव्हतं. गावातला एक ड्रायव्हर कोकणात केळीची गाडी घेऊन जायचा. विशी ओलांडल्यावर एकदा त्याच्याबरोबर गेलो आणि तिकडच्या बंदरावरच राहिलो. मासेमारीच्या एका होडीवर खलाशी लागत होता. होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा आणि मालकही तोच, त्यानं एकच गोष्ट विचारली.

"पोहता येतं?"

"तापीत येतं."

तो एवढा हसला की मला वाटलं, झालं, आता परतीची गाडी बघावी. पण त्यानं ठेवून घेतलं. त्याचं ते ऋण माझ्यावर आजही आहे.

पहिलाच उन्हाळा माझा तिथला. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. एरवी दुपार झाली की वायव्येचा वारा नेमानं यायचा, तो अचानक थांबला. अंगावरचा सदरा वाळेना. आणि अशा मेलेल्या हवेत समुद्रावर लांबच लांब, संथ लाटा यायला लागल्या. फेस नाही, आवाज नाही, नुसती होडी उचलायची आणि खाली ठेवायची. मला काही उमजेना. आमच्याकडे वारा नसला की पान हलत नाही. इथं पान हलत नव्हतं, आणि पाणी मात्र चाललं होतं.

तांडेल म्हणाला, "वारा लांब आहे कुठंतरी. लाट त्याच्या आधी पोचते. चला, खाडीत."

बंदरावर धोक्याचा बावटा चढलेलाच होता. दुपारी ऐन भरतीला आम्ही खाडीतल्या धक्क्याला लागलो. अमावास्येचं उधाण, पाणी काठोकाठ. बाकीच्यांनी जाळी खांद्यावर घेतली आणि वर ठेवायला नेली. तांडेल जाता जाता मला म्हणाला, "होडी नीट बांध. संध्याकाळी वारा येतोय."

नीट बांध! हे काम मला येत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला येणारं काम सांगितलं होतं. पाय धक्क्याला रेटून मी पुढचा दोर ओढला, मधला ओढला, मागचा ओढला. गाठी मारल्या आणि बोटानं वाजवून बघितल्या. तिन्ही तारेसारख्या. मग निवांत भात रांधला आणि खायला बसलो.

भात अर्धा झाला नसेल, लाकूड कण्हल्यासारखा आवाज आला. ओहोटी लागली होती. पाणी खाली निघालं होतं आणि होडीला मी जाऊ देत नव्हतो. धक्क्याकडची बाजू दोरांना लटकलेली, दुसरी बाजू पाण्याकडे कललेली. गाठी सोडवायला गेलो तर त्या दगड झालेल्या. होडीवरच्या ज्या खुंटाला दोर होता तो फळीसकट उपटून निघाला असता, तर वारा येण्याआधीच होडी गेली असती. त्या एका होडीवर आम्हा सगळ्यांची घरं चालत होती.

तांडेल पळत आला. "कुणी बांधली रे ही?"

"मी."

"केळ बांधलीस की काय?"

"हो," मी म्हणालो. खरंच होतं ते.

मागून आलेले खलाशी फिस्सकन हसले. तांडेल नाही हसला. "विळा आण. मागचा दोर आधी काप. आणि पाय सांभाळ."

मी कापले. शेवटचा दोर तुटला तशी होडी धप्पकन पाण्यावर बसली, दोन-चारदा डोलली आणि सरळ झाली. एकानं बांबूनं तिला अडवून धरलं. आता हा मला घालवणार, एवढंच डोक्यात.

त्यानं नव्या दोराचं वेटोळं माझ्या पायाशी टाकलं. "आता तूच बांध परत. झाड हलू नये म्हणून बांधतोस तू. होडी हलू दे. फक्त जाऊ देऊ नको."

लांब दोर घेतले, तिरपे बांधले, होडी आणि धक्क्याच्या मध्ये जुने टायर सोडले. पाणी किती उतरेल, किती चढेल, ते त्यानं धक्क्याच्या भिंतीवरच्या शेवाळाची रेघ दाखवून समजावलं. दिवस मावळताना दक्षिणेकडून वारा आला. खाडीचं पाणी पांढरं झालं. होडी मागं जायची, दोर ताणायचा, मग ढिला पडून पाण्यात लोंबायचा. तो लोंबला की माझा हात आपोआप गाठीकडे जायचा.

"हात मागं," तांडेल एवढंच म्हणायचा.

सकाळी होडी जागेवर होती. एका फळीचा रंग खरवडला होता, बस. तेव्हापासून त्या होडीचे दोर माझ्याकडे आहेत, आणि नवा खलाशी आला की भिंतीवरची रेघ मीच दाखवतो.

त्या सकाळीच मी घरी फोन लावला होता. बाग उभी होती. मी आईला सगळं सांगितलं.

"ढिली बांधली अन् राह्यली? मले बनवून राह्यला का तू?"

आता दर वैशाखात तिचाच फोन येतो. टीव्हीवर समुद्राचं काही दिसलं की लगेच. काळजी मलाही असते, नाही असं नाही. पण आवाजात येऊ देत नाही. यंदाही आला. ती बागेतच होती, मागं पानांचा सळसळाट ऐकू येत होता.

"बावटा लागला का रे?"

"लागला."

"दोर ढिला ठेव बाप्पा. अजून जरासा." आणि फोन कानाला तसाच ठेवून ती थोरल्यावर ओरडली, "अरे आवळ ना! झोका बांधून राह्यला का?"