काचेची पुढची बाजू

हेमचंद्र बर्वे जपानमधील त्सुकुबा शहरातल्या एका संशोधन संस्थेत करारावर काम करीत. नखाएवढ्या काचेवर केसाहून कितीतरी बारीक असे लाखो खांब उभे करणे, हे त्यांचे काम. त्या खांबांतून गेलेला लेसरचा झोत स्क्रूच्या आट्यांसारखा पिळत बाहेर पडे. साध्या, पसरत्या झोतात तो मिसळला, की पडद्यावर एक चक्री उमटे.

गेल्या वर्षीच्या मोठ्या भूकंपानंतर हे काम फार दमवणारे झाले होते. खांब कोरणाऱ्या यंत्राला दिवसभर निश्चल जमीन हवी, आणि जमीन तर अधूनमधून हलतच होती. एकामागून एक काचा वाया गेल्या. अखेर जानेवारीत एक साधली. ती त्यांनी ओसाकाच्या सहयोगी गटाकडे पाठवली. मार्चअखेर संपणारा त्यांचा करार वाढणार की नाही, हे त्या गटाच्या अहवालावर ठरणार होते.

ओसाकाहून उत्तर आले : चक्री उलट्या दिशेने वळते; कृपया नवी काच द्यावी.

“नवी कुठून आणू?” ते पत्नीला, जयंतीबाईंना, म्हणाले. “त्यांनी काच उलटी बसवली आहे. पारदर्शक घड्याळ मागून पाहिलं, तर काटे उलटेच फिरणार!”

“मग तसं लिहा.”

“निशिदा-सान तिथले गटप्रमुख आहेत, वयानं वडील आहेत. पत्र सगळा गट वाचतो; सगळ्यांदेखत त्यांची चूक काढू?”

“अहो, पुढची बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात खूण केली होती ना तुम्ही?”

“केली होती.”

“छान. मग नोकरी घालवा आणि त्यांचा मान राखा!”

ते स्वतःच ओसाकाला गेले. प्रयोगशाळेत सर्वांसमोर कमरेत वाकून म्हणाले, “पुढची बाजू कोणती, हे मी स्पष्ट कळवलं नाही. चूक माझी.”

निशिदा-सानांनी चिमट्याने काच उचलून दिव्यासमोर धरली. बराच वेळ कोपरा न्याहाळला. मग काच फिरवून बसवली. पडद्यावर चक्री हवी तशी वळली.

“बर्वे-सान, खूण फार बारीक आहे,” ते हळूच म्हणाले. चिमटा खाली ठेवत पुटपुटले, “पण आहे.”

अहवालात मात्र त्यांनी लिहिले : निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे, विलंब अपुऱ्या सूचनेमुळे.

करार वाढल्याचे कळले, त्या संध्याकाळी हेमचंद्रांनी दारात बूट काढून नेहमीप्रमाणे नीट जुळवून ठेवले.

“किती वर्षं?” जयंतीबाईंनी विचारले.

“एक.”

“तीन मिळायची होती ना?”

“पुढच्या काचेवर खूण मोठी करीन,” ते म्हणाले, आणि कोट न काढताच भिंतीला टेकून बसले.