बुचावरच्या तीन खाचा

देवमन मिस्त्रीचा कान म्हणजे कान होता, बापा! पन्नास सालच्या पुढंमागं अकोल्यात ज्याच्या दारात मोटार होती, त्याला हे नाव ठाऊक होतं. गाडी रस्त्याच्या वळणावर असतानाच हा बसल्या जागेवरून सांगायचा, "तिसऱ्या गेरचा दात तुटला हाये, पाह्यजा उघडून." उघडलं की तेलात तो तुटका दात सापडायचाच. हातभर लांबीची बाभळीची काठी होती त्याच्याजवळ. एक टोक लोखंडाला लावायचं, दुसरं कानाला. लढाईच्या काळात फौजेत ट्रक दुरुस्त करताना लागलेली सवय ती.

दुसरी सवय त्याची स्वतःची. मनासारखं काम झालं की तेलाच्या भोकाचं जे बूच असतं, त्यावर तो कानशीनं तीन बारीक खाचा मारायचा. विचारलं तर म्हणायचा, "कागदावर सही कोनीबी करते. लोखंडावर करून दाखवा."

सत्तेचाळीस साली फौजेतून सुटून आला तेव्हा गावातले बाकीचे गॅरेजवाले त्याची जात विचारून हात जोडायचे. एका वामनरावांनी तेवढं त्याला आपल्या गॅरेजात घेतलं, आणि चार वर्षांत मिस्त्री केलं. वस्तीतल्या लोकांना केवढा अभिमान! छप्पन्न साली सगळी वस्ती बौद्ध झाली, तेव्हा सभेला माणसं आणायच्या ट्रकची देखभालही देवमनकडंच होती. आता, वामनरावांनी मिस्त्री केलं ते मनाच्या मोठेपणानं की असा कान दुसरीकडं एवढ्या स्वस्तात मिळत नव्हता म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. पण उपकार म्हणून बोलून दाखवायला ते कधी चुकले नाहीत.

अठ्ठावन्न साली होळी झाल्यावर एक दिवस गॅरेजात जमिनीवर एका जुन्या मोटारीचा नुसता मागचा अ‍ॅक्सल येऊन पडला. वामनराव म्हणाले, "देवमन, याचा आवाज बसव."

देवमननं हातानं फिरवून पाहिला, काठी लावली. "मालक, क्राऊनचे दात गेले याचे. बदलाच लागते."

"बदलाचं असतं तं तुले काहून सांगतलं असतं? भुसा भर."

क्राऊन म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारं आतलं मोठं दातेरी चाक. त्याचे दात झिजले की गाडी कण्हत चालते. मग लबाड लोक काय करतात, सागवानाचा बारीक भुसा जाड ग्रीसमध्ये कालवून आत कोंबतात. तीन-चार महिने गाडी अशी गुमान चालते की नवी झक मारते. पुढं भुशाचं पीठ होतं, आवाज परत येतो, आणि तोवर होते नव्हते ते दातही गेलेले असतात.

"मालक, हे माह्या हातानं नाई होत."

"असं? तुह्या हाताले कामच कोनं देल्लं बे? उद्या काढून टाकतो, मंग पाहून राहाय हाताकडं."

आता तुम्ही म्हणाल, मग सोडायचं काम! म्हणायला काय जातं? ज्याला अख्ख्या गावात एकच दार उघडं असतं, त्यालाच जाऊन विचारा. देवमननं भुसा भरला. मनाची समजूत घातली, की हा अ‍ॅक्सल कुठल्या गाडीला लागेल कोण जाणे, कदाचित भंगारातही जाईल. बूच बसवलं, आणि हाताला वळण होतं म्हणून कानस उचलून त्यावर तीन खाचाही मारल्या. अ‍ॅक्सल ट्रकवर चढला आणि अमरावतीच्या एका दलालाकडं गेला. ती गाडी काही देवमनच्या नजरेस पडली नाही.

त्याच्या बायकोचा, पंचफुलाचा, धाकटा भाऊ शेषराव अमरावतीला राहायचा. जिनिंगात कापूस ओढून ओढून त्याची छाती तुसानं भरली होती. मोटार चालवायला शिकला होता. अमरावती ते परतवाडा सवाऱ्या न्यायच्या, यात्रेच्या दिवसांत मोझरी, रिद्धपूर करायचं, असं त्यानं ठरवलं. एक काळी, लांबलचक, लढाईआधीची अमेरिकन मोटार त्यानं हेरली आणि दलालाला सांगितलं, "माह्या भाऊजीनं कान लावला तं घेतो, नाई तं नाई."

भाऊजी आले ते नेमके बुद्धजयंतीच्या दिवशी. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, टोपीसुद्धा पांढरी. विहारात वंदना झाली, पंचशील झालं, आणि सगळी मंडळी मिरवणुकीसारखी गाडी पाहायला निघाली. कोणीतरी मिस्त्रीच्या गळ्यात हारही घातला. एरवी देवमन गाडी ऐकण्याआधी पाठीवर झोपून तिच्या पोटाखाली शिरायचा, बोटानं एकेक बूच चाचपून पाहायचा. आज अंगावर पांढरे कपडे आणि भोवती शंभर माणसं.

शेषराव म्हणाला, "भाऊजी, पोतं आथरू का खाली?"

"कायले? मले ऐकू येते ना!"

मागच्या बाजूला बसून त्यानं पायाखालची चटई बाजूला केली, काठी टेकवली. गाडी कॅम्पाच्या रस्त्यानं दोन मैल गेली आणि परत आली. काठीतून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. देवमन हार सावरत खाली उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुमान हाये. घे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेषरावानं जिनिंगचं काम दुसऱ्याच दिवशी सोडलं.

पोळ्याच्या सुमाराला गाडी कण्हायला लागली. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागून लांब कूंऽऽ असा आवाज यायचा. सवाऱ्या आधी हसायच्या, "शेषराव, डिक्कीत कोनाले कोंबलं रे?" मग घाबरायला लागल्या, मग एस.टी.नं जायला लागल्या. अमरावतीतल्या तीन मिस्त्र्यांनी ती उघडून झाकली, सापडलं कोणालाच नाही. शेवटी शेषराव कण्हत्या गाडीतच अकोल्याला आला.

देवमननं वस्तीतल्या निंबाखाली गाडी ठोकळ्यांवर चढवली. शेषराव म्हणाला, "भाऊजी, आवाज मागून येते."

"वाटते तसं. लोखंड आवाज कुठचा कुठं नेते. मागचं म्या ऐकलं हाये."

झालं! मिस्त्रीनं ऐकलं आहे म्हटल्यावर शेषराव काय बोलणार? पहिल्या सुटीला देवमननं चाकांचे बेअरिंग काढले, धुतले, बसवले. गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्याला नेली, आवाज तसाच. दुसऱ्या सुटीला लांब शाफ्ट उतरवला, त्याचे दोन्ही जॉइंट बदलले. आवाज तसाच. मग गेरबॉक्स उतरवला. देवमनची झोप उडाली. काठी तर सांगत होती, मागं, मागं, मागं. पण मागचं आपण शंभर माणसांसमोर पास केलं आहे, हे त्याच्या कानापेक्षा मोठं झालं होतं. स्वतःच्या कानावरच तो रागावला होता.

चौथ्या सुटीला करायला दुसरं काही उरलंच नाही, तेव्हा तो पोतं टाकून मागच्या बाजूला खाली शिरला. बुचावर चिखलाचा थर होता. चिंधीनं पुसता पुसता डोळ्याआधी बोटाला लागलं. एक, दोन, तीन.

तसाच पडून राहिला. मग पाना लावला, बूच काढलं. काळा चिकट लगदा हातावर आला. बोटांत चोळला तर आत लाकडाचे तंतू, आणि नाकाजवळ नेला तर सागवानाचा वास, एवढ्या तेलातसुद्धा!

"सापडला का भाऊजी?" शेषराव बाहेरून वाकून विचारत होता.

देवमननं हात बाहेर काढून दाखवला. "भुसा हाये."

"कोनं भरला?"

आता बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण दारात पंचफुला उभी, निंबाखाली वस्तीतली चार माणसं उभी. देवमन म्हणाला, "दलालानं भरला असन."

त्याबरोबर शेषरावानं त्याला मिठीच मारली. "साऱ्या अमरावतीले नाई सापडला, माह्या भाऊजीले सापडला!" लोक म्हणाले, वा मिस्त्री, असा कान पाहिला नाही. दुपारी जेवताना पंचफुलानं नवऱ्याच्या ताटात गरम भाकर टाकली आणि म्हणाली, "ज्यानं माह्या भावाच्या पोटावर पाय देल्ला, त्याच्या हाताले किडे पडो माय!" देवमननं त्याच हातानं घास मोडला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

नवा क्राऊन मिळेना. नागपुरात विचारलं, मुंबईला पत्र घातलं. एवढ्या जुन्या गाडीचं सामान येतच नाही म्हणून उत्तर आलं. जिनिंगात शेषरावच्या जागी दुसरा माणूस लागला होता. आठ दिवसांनी शेषराव देवमनजवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, तुमी भुसा ओळखला, मंग तुमाले भरताबी येत असन?"

"काहून?"

"अचलपूरचे एक गुरुजी हायेत, महादेवराव. पेन्शनीत निघाले. पोराले गाडी लावून देऊन राहिले. साधा मानूस हाये. परवा येतात पाह्याले."

"नाई भरत मी."

"तुमचं काय जाते? माह्यासंग बी असंच केलं ना कोनी?"

देवमनला आता राहवलं नाही. "म्याच केलं रे! होळीनंतर, याच बुचातून. मालकानं सांगतलं, म्या भरला. गाडी तुही हाये हे मले काय मालूम!"

शेषराव ओरडेल, अंगावर येईल, असं देवमनला वाटलं. येता तर बरं झालं असतं. शेषरावानं नुसतं गाडीकडं पाहिलं. म्हणाला, "तं मंग आता भराच लागते, भाऊजी." उठून धोतर झटकलं, आणि दोन पावलं जाऊन वळला. "ताईले नाई सांगत मी."

देवमननं भुसा भरला. बूच बसवलं, कानस घेतली, आणि त्या तीन खाचा घासून घासून सपाट केल्या. त्यानंतर त्यानं कुठल्याच बुचावर खाच मारली नाही.

महादेवराव गुरुजी आले. छत्री, चष्मा, सोबत पोरगा. गाडीत बसून चक्कर मारून आले, खुशीत होते. पण मास्तर माणूस, खात्री केल्याशिवाय कसा राहील? देवमनसमोर उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, तुमचा कान लय नावाजलेला हाये म्हनतात. तुमी एकदा ऐका आन् सांगा, घेऊ का? तुमी म्हनसान तसं करतो."

शेषराव त्याच्या तोंडाकडं पाहत होता. दारातून पंचफुलाही पाहत होती. देवमननं कानामागं हात धरला. "काय म्हनता गुरुजी? मले आता ऐकू येत नाई."

गुरुजी हळहळले. गाडी घेऊन गेले.

आणि मिस्त्री बहिरा झाला तो झालाच. बायकोला वाटलं, गॅरेजातल्या ठोकाठोकीनं गेला कान. वामनरावांनी दुसरा मिस्त्री ठेवला आणि याला ग्रीस मारायला बसवलं. अडुसष्ट साली मेला, तोवर दहा वर्षं पंचफुला घसा फोडून त्याच्याशी बोलली, आणि तो एकेक शब्द पहिल्याच वेळी ऐकूनसुद्धा परत "काय?" म्हणत राहिला.

पण त्या पहिल्या संक्रांतीचं सांगायचं राहिलं. सणाची सुटी होती, देवमन ओसरीवर बसला होता. दूर, सडकेच्या वळणापलीकडं एक गाडी कण्हली. त्याला एका श्वासात कळलं कोणती ते. दातांचं आता काही उरलं नाही, हेही कळलं. तो जागचा हलला नाही. गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली, गुरुजींचा पोरगा उतरला, लोकांशी बोलला. लोकांनी कानाला हात लावून, मिस्त्री बहिरा झाला म्हणून सांगितलं. गाडी वळून, कण्हत, आली तशी निघून गेली. आवाज अगदी बारीक होईतोवर देवमन ऐकत होता.

पंचफुला लगबगीनं आली, त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "अचलपूरचे आल्ते! गाडी आवाज करते म्हनत! तुमालेच इचारत होते!"

"काय?" देवमन म्हणाला.