घर टोरांटोत, घरभरणी उचगावात

सांबऱ्याच्या विमानतळावर मला सोडायला आमच्या घरची अकरा माणसं आली होती, एका टेम्पोत बसून. उचगावहून सांबरा म्हणजे अख्खं बेळगाव ओलांडून पलीकडं; वाटेत दोनदा चहा झाला, एकदा टेम्पो गरम झाला. दारातून पुढं फक्त मलाच सोडणार म्हटल्यावर आई पोलिसाशी भांडायला उभी राहिली. तो कन्नडमध्ये समजावत होता, ही मराठीत झाडत होती, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. शेवटी ती माझ्याकडं वळली.

"पाच वर्सं म्हणालायस परश्या. ध्यानात ठेवणार हाय मी."

"व्हय गं. पाच म्हणजे पाच," मी म्हणालो.

लई सहज म्हणालो. त्याचंच पुढं सगळं रामायण झालं. तिकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखंच असलं काहीतरी बोलून विमानात बसलेल्यांनो, हे तुम्हालाच सांगतोय.

आमच्या घरामागं परडं आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हयात असतानाच त्याचे दोन भाग केले होते. एकीकडं गोठा, दुसरीकडची मोकळी जागा माझ्या घराला. आप्पा गेले, पण आईनं ती जागा राखली. आमच्याकडं जिथं हातभर माती दिसेल तिथं रताळ्याचा वेल घालतात, पण त्या तुकड्यात ती कुणाला खुरपं लावू द्यायची नाही. थोरला भाऊ अण्णा, त्याला गोठा वाढवायचा होता. दर दिवाळीला तो विषय काढायचा आणि बोलणी खायचा. "परश्याचं घर हाय तिथं," आई म्हणायची. घर कुठलं हो, गुडघाभर गवत होतं नुसतं.

इकडं टोरांटोत मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत होतो आणि शहराबाहेर एका बेसमेंटमध्ये राहत होतो. एक बस, मग दुसरी बस, मग ट्रेन, मग बर्फातून घसरत चालणं. जायला पावणेदोन तास, यायला पावणेदोन. लग्न होऊन सुजाता आली, तिचीही नोकरी शहराच्या मध्यावरच. आम्ही दोघं नवरा-बायको बहुतेक वेळ बसमध्येच भेटायचो. पाट्या इंग्लिशमध्ये, शेजारी पंजाबी, भाजीवाली चिनी. त्याचं मात्र मला काही वाटलं नाही. बोर्डावर एक भाषा आणि तोंडात दुसरी, यात बेळगावच्या माणसाला काय नवल?

पाचाची सात झाली, साताची नऊ झाली. दर वर्षी आई विचारायची आणि मी "हे एवढं प्रोजेक्ट झालं की" म्हणायचो. लॅबमध्ये कसलं आलंय प्रोजेक्ट! पण आईला ते कळणार नाही असं मला वाटायचं. मी केवढा शहाणा ते पुढं येईलच.

मग आम्ही डाउनटाउनमध्ये, शहराच्या मध्यावर, कॉन्डो म्हणजे स्वतःचा फ्लॅट घेतला. सत्ताविसावा मजला, दीड खोली म्हणा, पण हॉस्पिटल चालत आठ मिनिटांवर. दोन सिग्नल ओलांडले की पोचलो. पहिल्या दिवशी मी दुपारी घरी जेवायला आलो. गरम भात-आमटी वाढून घेतली आणि आप्पांची लई आठवण आली. आमचं रान गावापासून लांब. "रान दारात असावं रं, म्हणजे माणूस ताज्या भाकरीला घरात येतोय," हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. बिचाऱ्यांनी जन्मभर दुपारी बांधावर बसून गार भाकरी खाल्ली. आणि मी, रान सोडून पळालेला, मला ते सुख मिळालं. दाखवायला मात्र आप्पा नव्हते.

आईला आम्ही काही सांगितलं नाही. भाड्याचं आहे म्हणालो. सुजाता म्हणत होती, सांगून टाका. पण घर घेतलं म्हणणं म्हणजे येत नाही म्हणणं, आणि ते म्हणायची माझी छाती नव्हती.

आईनं दुसऱ्याच महिन्यात पकडलं. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडं संध्याकाळ, चुलीवर काहीतरी रटरटत होतं. मी फोन घेऊन इकडून तिकडं फिरत होतो, आणि ती एकदम म्हणाली, "थांब. गणपतीचा फोटू खिळ्यावर हाय न्हवं?"

"हाय की."

"अण्णा कॉलेजला असताना शापुरात भाड्यानं ऱ्हायलाता. घरमालकानं वर्षभर एक खिळा मारू दिला न्हाय. क्यालेंडर दोरीनं खिडकीला बांधलंतं त्यानं." मग म्हणाली, "घर घेतलास व्हय रं?"

मी "व्हय" म्हणालो. तिनं फोन अण्णाकडं दिला आणि भाकरी थापायला गेली. थापट्यांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. त्यानंतर पंधरा दिवस ती फोनवर आली नाही. कामात हाईत, देवळात गेल्या, झोपल्या, असलं काहीबाही वहिनी सांगायची. ती माझ्याशी कायमची बोलायची बंद होते की काय, याच भीतीनं मी लॅबमध्ये दोनदा नळ्यांवर चुकीची लेबलं लावली.

आमच्याकडं नव्या घराची घरभरणी करतात. घरातल्या थोरल्या बाईनं पाण्यानं भरलेली घागर कमरेवर घेऊन पहिल्यांदा आत जायचं, मागून धान्याचं सूप, आणि मग गल्ली जेवते. त्याशिवाय त्याला कुणी घर म्हणत नाही, चार भिंती म्हणतात. आम्ही इथं इंडक्शनवर दूध उतू घालवलं होतं आणि एकमेकांच्या हातावर साखर ठेवली होती, बस्स. आईशिवाय घरभरणी कसली करायची?

तिसऱ्या रविवारी अण्णाचा कॉल आला. बघतो तर परड्यात मांडव. गवत साफ कापलेलं, पंगत बसलेली, सगळी गल्ली हजर. आणि आई, ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून, कमरेवर घागर घेऊन माझ्या त्या जागेच्या मधोमध चालत आली. घागर टेकवली, हळदकुंकू वाहिलं, मागून वहिनीनं तांदळाचं सूप ठेवलं.

"आई, हे काय करालायस गं?"

"घरभरणी! तुज्या घराची. घर तिकडं हाय, पर माणसं हिकडं हाईत. तू तिथं कुणाला जेवायला घालणार? लिफ्टला?"

सगळी पंगत हसली. मीही हसलो. मग ती अण्णाकडं वळून, जसं मीठ वाढ म्हणावं तसं म्हणाली, "उद्यापासनं हितं गोठा वाढवायला घे. आता राखायचं काय कारण न्हाय."

मी फोन सुजाताच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. ती चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, बोलली नसती, तर मला चाललं असतं. तिनं मला मोकळं केलं होतं. इतकी वर्षं मला हेच हवंय असं वाटत होतं, आणि मिळाल्यावर ते अजिबात नको होतं.

त्या डिसेंबरात गावी गेलो. गोठा मोठा झाला होता, दोन नव्या म्हशी होत्या, अण्णा खुशीत होता. मी बॅग ओढत दारात आलो तर आई तांब्या घेऊन बाहेर आली. आमच्याकडं पाव्हण्याला पाय धुवायला पाणी दारात आणून देतात. घरचा माणूस सरळ आत घुसतो आणि आपला आपण मोरीत जाऊन पाय धुतो. मी जन्मभर तसाच घुसत आलो होतो.

"आई, मी काय पाव्हणा हाय व्हय?" माझा आवाज चढलाच.

"घरभरणी झालेला माणूस हाईस रं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तांब्या तिनं मागं घेतला नाही. "धू. पानी गार व्हायलंय."

टोरांटोत मी आठ मिनिटांत घरी पोचतो, किल्ली माझ्या खिशात असते आणि मला कुणी विचारत नाही. उचगावला पोचायला तीस तास लागतात. तरी आजही 'घरी जातो' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तेच दार येतं.

मी पाय धुतले. आणि आई "ये आत" म्हणेपर्यंत दारातच उभा राहिलो.